'पेनकिलर टाळा' एवढे लिहून भागत नाही

महाराष्ट्र ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या सर्व सदस्यांस आणि राज्यात सांधेबदल शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांस,



गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेने असंख्य ज्येष्ठांना पुन्हा चालते केले, जिना चढते केले, याबद्दल समाज आपला ऋणी आहे. या पत्रातले मागणे त्या ऋणाची जाणीव ठेवूनच केलेले आहे आणि ते एका विशिष्ट रुग्णाबद्दल आहे. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, केटोरोलॅक या कुटुंबातली दाहशामक वेदनाशामके ज्याला देता येत नाहीत, असा हा रुग्ण. त्याची किडनी कमजोर असेल, बायपास झालेली असेल, पूर्वी जठरातल्या व्रणातून रक्तस्राव झाला असेल, ॲस्पिरिनने त्याचा दमा उसळत असेल किंवा तो रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असेल. अशा रुग्णाच्या कागदावर आपण 'एनएसएआयडी टाळा', म्हणजे ही दाहशामके टाळा, असे लिहिता, आणि ते योग्यच आहे. माझा प्रश्न त्या ओळीच्या खाली काय लिहिले जाते, हा आहे. अनेकदा तिथे काहीच नसते, किंवा 'पॅरासिटामॉल, एसओएस', म्हणजे गरज पडल्यास, एवढेच असते. एक औषध काढून घेतले. त्याच्या जागी काय दिले, ते कोणत्या वेळी घ्यायचे, किती दिवस घ्यायचे आणि दुखणे हाताबाहेर गेले तर रात्री कोणाला फोन करायचा, हे रुग्णाला कळतच नाही. दाहशामकांवाचून सांधेबदलानंतरचे दुखणे चालता येईल, झोपता येईल आणि व्यायाम करता येईल इतपत आटोक्यात ठेवता येते, याला भक्कम पुरावा आहे. पण ते आपोआप घडत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियेच्या आधी ठरवलेली आणि कागदावर उतरवलेली योजना लागते, आणि ती लिहिणे हा उपचाराचाच भाग मानला जावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ही औषधे का चालतात आणि का बाधतात, याचे उत्तर एकच आहे. 1971 साली जॉन व्हेन यांनी दाखवून दिले की ॲस्पिरिनसारखी औषधे शरीरातल्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाच्या रसायनांची निर्मिती रोखतात. या कामासाठी त्यांना 1982 चे नोबेल विभागून मिळाले. कापलेल्या हाडाभोवती आणि उसवलेल्या स्नायूंभोवती जी सूज व ठणका असतो, त्यात या रसायनांचा मोठा वाटा आहे, म्हणून ती कमी झाली की आराम पडतो. पण हीच रसायने जठराचे अस्तर राखतात आणि किडनीकडे रक्त नेणारी बारीक वाहिनी उघडी ठेवतात. निरोगी माणसाची किडनी त्यांच्यावाचूनही काही दिवस काढते. ज्याचा रक्तदाब खाली गेला आहे, ज्याच्या शरीरात पाणी कमी आहे, ज्याची किडनी मुळातच अर्ध्या ताकदीवर आहे, त्याची मात्र सारी भिस्त याच रसायनांवर असते. आता सांधेबदलाचा दिवस आठवून पाहा. रुग्ण रात्रीपासून उपाशी, पाठीतल्या भुलीने रक्तदाब उतरलेला, रक्त गेलेले, आणि काही ठिकाणी प्रतिजैविक म्हणून जेंटामायसिनसारखे किडनीला जड जाणारे औषधही चालू. ज्या दिवशी किडनीला या रसायनांची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच दिवशी आपण ती बंद करायला जातो.

असे रुग्ण अपवादाने येत असतील, असा समज असेल तर तो सोडावा लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी 35 टक्क्यांहून अधिकांना उच्च रक्तदाब आहे. गुडघे झिजण्याचे वय आणि या दोन आजारांचे वय एकच. त्यात तपासणीचा कागद फसवतो. सत्तर वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन 1.2 आले तर रिपोर्टवर ते जेमतेम रेषेच्या वर दिसते आणि कोणी थांबत नाही. पण तिचे वय आणि लिंग धरून आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सूत्राने किडनीची गाळणक्षमता काढली, तर ती 49 च्या आसपास येते, म्हणजे निम्मीच. याच बाईंना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आणि सोबत लघवीचे औषध चालू असण्याची शक्यता मोठी. त्या दोहोंवर तिसरे औषध म्हणून दाहशामक पडले की काय होते, हे ब्रिटनमध्ये रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या 4,87,000 हून अधिक लोकांच्या नोंदींवरून 2013 साली 'बीएमजे' या नियतकालिकात मांडले गेले. तिन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत किडनीला अचानक इजा होण्याचे प्रमाण 31 टक्क्यांनी जास्त होते आणि पहिल्या 30 दिवसांत तर 82 टक्क्यांनी. 'चार-पाच दिवसांनी काय होते?' हा आक्षेप मी अनेक सुज्ञ डॉक्टरांच्या लेखनात वाचला आहे. निरोगी रुग्णापुरता तो मान्य करावा. त्याला मोजक्या दिवसांचे दाहशामक देणे मार्गदर्शक तत्त्वांना धरूनच आहे आणि त्याच्यापासून ते हिरावून घ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. पण वरच्या बाईंसाठी धोका सुरुवातीच्या दिवसांतच सर्वांत जास्त असतो, त्यामुळे 'थोडेच दिवस' हा दिलासा तिला उपयोगाचा नाही.

आणखी एक गैरसमज रुग्णांत आहे, आणि कधीकधी दवाखान्यांतही दिसतो. एटोरिकॉक्सिबसारखी नव्या पिढीची गोळी 'सौम्य' असते, असा हा समज. जठरापुरते त्यात तथ्य आहे. किडनीला मात्र तिच्याकडून कसलीही सवलत मिळत नाही, आणि हृदयाच्या बाबतीत या पिढीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. रोफेकॉक्सिब हे त्याच वर्गातले औषध 30 सप्टेंबर 2004 रोजी जगभरातून मागे घ्यावे लागले, कारण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढल्याचे चाचणीत दिसले. बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी तर या संपूर्ण कुटुंबातली औषधे देऊच नयेत, असा ठळक इशारा अमेरिकेत 2005 पासून वेष्टनावर छापला जातो. शिवाय सांधेबदलानंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून बहुतेक रुग्णांना ॲस्पिरिन, रिव्हारोक्सॅबान किंवा तत्सम औषध आपण देताच. त्याच्या जोडीला दाहशामक आले की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पण कागदावर 'टाळा' लिहिले तरी औषध टळतेच असे नाही. ते दुसऱ्या दारांनी आत येते, आणि त्यातले पहिले दार शस्त्रक्रियागृहातच आहे. सिडनीच्या केर आणि कोहान या डॉक्टरांनी 2008 साली सांध्याभोवती औषधांचे मिश्रण टोचण्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आज जगभर वापरली जाते आणि ती गुणकारी आहे. मात्र त्यांच्या मूळ मिश्रणात रोपिव्हॅकेन व ॲड्रेनॅलिनसोबत केटोरोलॅक होते, आणि केटोरोलॅक हे दाहशामकच आहे. तेच मिश्रण सवयीने सर्वांसाठी भरले गेले, तर फाइलवर लाल शाईने लिहिलेली सूचना रुग्णाच्या सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यानंतर वॉर्डातले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन, गुदद्वारातून द्यायची गोळी, दंडावर किंवा छातीवर लावायचा पॅच. पॅचला तर पुष्कळ लोक औषधच मानत नाहीत. मग घर. शिरोळच्या किंवा सिन्नरच्या एखाद्या खेड्यात परतलेला रुग्ण पाचव्या रात्री तळमळू लागला की घरचे आपल्याला फोन करत नाहीत. ते गावातल्या डॉक्टरांकडून 'दुखायची सुई' मारून आणतात किंवा मेडिकलमधून पट्टी आणतात. त्या पट्टीवर कॉम्बिफ्लॅम, व्होव्हेरान किंवा झेरोडॉल असे नाव असते. ही सगळी दाहशामके आहेत, हे रुग्णाला ठाऊक नसते, कारण त्याला औषधाच्या वर्गाचे नाव सांगितलेले असते आणि तो ओळखतो ती नावे वेगळी असतात. आपल्या देशात डायक्लोफेनॅक किती सहज मिळते, याची साक्ष गिधाडांनीही दिली आहे. जनावरांना टोचलेले हे औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांत गेले, त्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि जाती नामशेष व्हायच्या बेतात आल्या. 2006 साली त्याचा पशुवैद्यकीय वापर बंद करावा लागला. माणसाची किडनी गिधाडाइतकी हळवी नाही, हे खरे. पण ज्या औषधाची एवढी सर्रास ये-जा आहे, ते एका ओळीच्या सूचनेने अडेल, ही अपेक्षा फार भाबडी आहे. घरी सोसवेना झाल्यावर रुग्ण जे घेतो, त्याची निवड आपण आधीच करून ठेवली नाही, तर ती मेडिकलचा दुकानदार करतो.

आता दाहशामक वगळल्यावर नेमके किती उणे पडते, ते प्रामाणिकपणे पाहू. डेन्मार्कमधील सहा रुग्णालयांत खुबाबदलाच्या 556 रुग्णांवर झालेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही मिळालेल्यांना पहिल्या 24 तासांत मध्यमानाने 20 मिलिग्रॅम मॉर्फिन लागले, आणि फक्त पॅरासिटामॉल मिळालेल्यांना 36 मिलिग्रॅम. फरक खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उणीव भासते, म्हणूनच ती भरून काढण्याची जबाबदारी येते. ती भरायची कशी, याचे उत्तर युरोपातल्या वेदनातज्ज्ञांच्या 'प्रॉस्पेक्ट' गटाने गुडघ्यासाठी 2022 मध्ये आणि खुब्यासाठी त्याच्या आदल्या वर्षी पुरावा चाळून दिले आहे. त्यात दाहशामके आहेत, पण ती अनेक घटकांपैकी एक आहेत. ती काढल्यावर पॅरासिटामॉल उरते, सांध्याभोवतीचे भुलीचे इंजेक्शन उरते, गुडघ्यासाठी मांडीच्या आतल्या बाजूने दिला जाणारा ॲडक्टर कॅनाल ब्लॉक उरतो, खुब्यासाठी फॅशिया इलियाका ब्लॉक उरतो आणि शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून द्यायचे डेक्सामेथासोन उरते. ॲडक्टर कॅनाल ब्लॉकची खुबी अशी की तो दुखणे सुन्न करतो, पण मांडीचा पुढचा स्नायू बऱ्याच अंशी शाबूत ठेवतो. जुन्या फेमोरल ब्लॉकने तो स्नायूही लुळा पडे आणि रुग्ण उभा राहताना कोसळण्याची भीती असे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे. ते दाह कमी करते, पण किडनीच्या रक्तपुरवठ्याला या कुटुंबासारखे आवळत नाही. त्याने जखम चिघळेल, ही भीती रास्त होती. साडेआठ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका मात्रेने जखमेचा संसर्ग वाढलेला आढळला नाही, आणि त्या रुग्णांत मधुमेहीही होते. साखर मात्र एक-दोन दिवस चढते, तेव्हा मधुमेह्याची साखर जास्त वेळा मोजावी लागेल.

एक निर्णय तर औषधाचाही नाही, निव्वळ आपल्या हातातला आहे. मांडीला आवळायचा टूर्निके वापरला की पहिल्या दिवशीचे दुखणे वाढते, असे 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. दहाच्या मोजपट्टीवर सरासरी सव्वा अंकाने. कोरडे क्षेत्र मिळते, सिमेंट नीट बसते, ही आपली बाजू मला ठाऊक आहे आणि त्यावर निर्णय देण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याला दाहशामक देताच येणार नाही, त्याच्या बाबतीत हा सव्वा अंक तराजूत घालूनच तो निर्णय व्हावा, अशी विनंती आहे.

यापुढचा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पाठीतली भूल काही तासांत उतरते, ब्लॉक साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत साथ देतो. तोवर रुग्ण हसत असतो, वॉकर धरून चार पावले टाकतो, नातेवाईक निर्धास्त होतात. मग ब्लॉक उतरतो, बहुधा रात्री, आणि दुखणे एकदम उसळते. ही उसळी येणार हे आपल्याला ठाऊक असते, रुग्णाला नसते. त्याला वाटते, आत काहीतरी बिघडले. ती येण्याआधी गोळी पोटात गेलेली असली पाहिजे, आणि इथेच 'एसओएस' ही तीन अक्षरे घात करतात. पॅरासिटामॉल दुखल्यावर घेतले तर ते तोकडे वाटते. ठरलेल्या वेळी, दुखो न दुखो, दिवसरात्र घेतले तरच त्याचा पाया भक्कम होतो. पन्नास किलोंहून अधिक वजनाच्या आणि यकृत चांगले असलेल्या प्रौढाला दर सहा तासांनी एक ग्रॅम, दिवसाला कमाल चार ग्रॅम, ही मात्रा पाठ्यपुस्तकात आहे. अंगाने बारीक, वयस्क, मद्यपी किंवा यकृताचा आजार असलेल्यासाठी ती आपण कमी करून लिहायची आहे. 'साधी तापाची गोळी' म्हणून रुग्ण तिची हेटाळणी करतो, म्हणून ती का आणि कशी घ्यायची, हे सांगण्यात दोन मिनिटे घालवावी लागतील. त्याच वेळी हेही सांगावे लागेल की ट्रॅमाडॉलच्या जोडगोळीत, सर्दीच्या गोळीत आणि दाहशामकाच्या जोडगोळीतही पॅरासिटामॉल असते, आणि तीन ठिकाणांहून घेतलेले तेच औषध यकृताला महागात पडते.

मग ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल आणि त्यापुढची अफूवर्गीय औषधे. येथे मोठा आक्षेप असा की दाहशामक काढले तर ही वाढतील आणि माणसे त्यांच्या आहारी जातील. अमेरिकेत या गोळ्यांच्या व्यसनाने काय झाले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे, त्यामुळे हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. भारतात ट्रॅमाडॉल 2018 पासून अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आहे, तेही कारणाशिवाय नाही. पण धोका मोजक्या दिवसांच्या मात्रेत फारसा नसतो. तो शेवटची तारीख नसलेल्या चिठ्ठीत असतो. ब्लॉक आणि पॅरासिटामॉलचा पाया नीट असेल, तर ही गोळी पहिल्या काही दिवसांत फक्त व्यायामाआधी आणि झोपण्याआधी लागावी, आणि चिठ्ठीवर ती कधी बंद करायची, हे लिहिलेले असावे. किडनीच्या रुग्णात मॉर्फिनचे अवशेष शरीरात साचतात, ट्रॅमाडॉलची मात्राही कमी करावी लागते. नैराश्याच्या काही औषधांशी ट्रॅमाडॉलचे वाकडे आहे, फिट येण्याचा इतिहास असेल तर ते नकोच. म्हातारपणी त्याने भोवंड येते, आणि रात्री लघवीला उठलेला रुग्ण पडला तर नवा सांधाच पणाला लागतो. बद्धकोष्ठ तर जवळजवळ ठरलेलेच; इसबगोल किंवा दुसरे रेचक त्याच चिठ्ठीवर पहिल्या दिवसापासून असायला हवे, कारण नव्या गुडघ्याने कमोडवर कुंथत बसणे ही साधी गोष्ट नाही. ही सगळी गुंतागुंत आहे, म्हणूनच ती रुग्णावर सोडता येत नाही. प्रेगाबॅलिन आणि गॅबापेंटिन सरसकट देण्याची जी पद्धत रुळली आहे, तिला 'प्रॉस्पेक्ट'ने शिफारस दिलेली नाही. त्यांचा उपयोग नगण्य आढळला, गुंगी मात्र येते, आणि अफूवर्गीय औषधासोबत श्वास मंदावण्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने 2019 मध्ये दिला आहे. दाहशामकाची रिकामी जागा या गोळ्यांनी भरून काढल्याचे समाधान मानू नये.

औषधाबाहेरच्या उपायांबद्दल अतिशयोक्ती टाळायला हवी. बर्फाचा पुरावा माफक आहे. तो दुखणे थोडेसे कमी करतो, त्याची खात्रीही फार भक्कम नाही. तरी तो स्वस्त आहे, किडनीला काही करत नाही, आणि फडक्यात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटे ठेवण्याने बहुतेकांना बरे वाटते. मराठी घरांत अडचण वेगळीच येते. दुखऱ्या सांध्याला शेक आणि तेल, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे, आणि ऑपरेशन झालेल्या आईच्या गुडघ्याला बर्फ लावायला मुलीचा हात धजत नाही. 'गारठा धरेल' ही भीती असते. ताज्या सुजलेल्या सांध्याला गरम शेक आणि जखमेशेजारी मालिश का नको, हे डिस्चार्जच्या वेळी स्पष्ट मराठीत सांगितल्याशिवाय घरी बर्फ लागणार नाही. पाय उंच ठेवणे, थोडे थोडे पण वारंवार चालणे, व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी, यांचा वेळापत्रकात मेळ बसला की त्याच औषधातून जास्त काम निघते. विजेच्या सौम्य झटक्यांचे उपचार आणि ॲक्युपंक्चर यांनी गुडघेबदलानंतर अफूवर्गीय औषधांची गरज कमी होते किंवा लांबते, असा मध्यम दर्जाचा पुरावा 2017 च्या एका आढाव्यात मिळाला. सोय असेल तिथे त्यांना हरकत नसावी. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या चूर्णांना मात्र ठाम नकार द्यावा. अशा उत्पादनांत लपवून घातलेले स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक अनेकदा सापडले आहे, म्हणजे जे टाळायचे तेच पुडीतून पोटात जाते. शस्त्रक्रिया ठरवतानाचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याची प्रथा मोठी आहे. दाहशामक देता न येणाऱ्या रुग्णासाठी तो बेत आखताना दुप्पट दुखण्याला पुरेल असे साहित्य हाती आहे का, हेही आधी पाहावे.

'थोडे सोसायला हवेच' असे सांगणारेही आहेत, आणि ते निर्दय नाहीत. पण सोसण्याची किंमत सांध्यात मोजली जाते. पहिल्या काही आठवड्यांत दुखण्याच्या भीतीने गुडघा वाकवला नाही, तर तो आखडतो आणि पुन्हा भूल देऊन वाकवण्याची वेळ येते. गुडघेबदलानंतर 10 ते 34 टक्के रुग्णांना दीर्घकाळ त्रासदायक दुखणे उरते, आणि खुब्यानंतर 7 ते 23 टक्क्यांना, असे 2012 च्या एका व्यापक आढाव्यात आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, आणि सुरुवातीचे तीव्र दुखणे हे त्यांतले एक धोक्याचे लक्षण मानले जाते. विशेषतः आपल्या वडीलधाऱ्या बायका विचारले तर 'बरंय' म्हणतात. त्यांना आकडा विचारून उपयोग होत नाही. रात्री झोप लागली का, संडासला उठता आले का, व्यायाम पुरा झाला का, हे विचारले की खरे दुखणे कळते.

साधनांचा आक्षेप उरतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ब्लॉक अचूक देण्यासाठी भूलतज्ज्ञाला अल्ट्रासाउंड यंत्र लागते, आणि गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी आणि काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. मुली वाचवण्यासाठी तो कायदा हवाच. पण त्यामुळे तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ यंत्र ठेवायला कचरतात, हेही खरे आहे, आणि फक्त ब्लॉकसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी कायद्याच्या चौकटीत सुटसुटीत मार्ग मागणे हे आपल्या व भूलतज्ज्ञांच्या संघटनेने मिळून करण्याजोगे काम आहे. तोवरही हात बांधलेले नाहीत. सांध्याभोवतीचे इंजेक्शन आपणच, जखम उघडी असतानाच देता. त्याला यंत्र लागत नाही, फक्त मिश्रणातून केटोरोलॅक वगळण्याची आठवण लागते. पॅरासिटामॉल, डेक्सामेथासोन, ब्युपिव्हॅकेन ही सारी स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी औषधे आहेत. खर्चाचे म्हणाल, तर 2017 मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली, तेव्हा सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत 54,720 रुपये अधिक कर अशी ठरली. एवढ्या किमतीच्या सांध्यासोबत एक छापील पान देणे कोणत्याही रुग्णालयाला अशक्य नाही.

म्हणून विनंती त्या एका पानाची आहे. आपल्या संघटनेने भूलतज्ज्ञांना बरोबर घेऊन ते मराठीत तयार करावे आणि वार्षिक परिषदेत संमत करावे. शस्त्रक्रियेच्या तारखेआधी त्यावर रुग्णाची गाळणक्षमता, नुसते क्रिएटिनिन नव्हे, आणि चालू औषधांची यादी भरलेली असावी. रुग्णाला दाहशामक का नको, हे एका वाक्यात, आणि टाळायच्या औषधांची बाजारातली नावे मोठ्या अक्षरांत. शस्त्रक्रियागृहात काय टोचायचे आणि काय नाही, यावर शल्यविशारद व भूलतज्ज्ञ दोघांची सही. घरी कोणती गोळी किती वाजता, कोणती कधी बंद, बर्फ केव्हा, व्यायाम केव्हा. कोणते दुखणे अपेक्षित आहे आणि पोटरीत एकाएकी सूज, धाप, ताप, जखमेतून स्राव, लघवी कमी होणे यांपैकी काय दिसले तर लगेच यायचे. शेवटी एक फोन नंबर, जो रात्री उचलला जाईल. या पानाची एक प्रत रुग्णाच्या गावच्या डॉक्टरांसाठी असावी, कारण पाचव्या रात्री सुई त्यांच्याच हातात असते, आणि त्यांना मोठ्या रुग्णालयाकडून एरवी एक ओळही मिळत नाही.

कळावे,

आरोग्यविषयक लेखन करणारा आपला एक वाचक